घर आणि दार : तान्हें मूल दगावतें तेव्हां

या सदराकडे येणार्‍या पत्रांत बहुधा मुलांच्या खाण्यापिण्याचे, सासूसुनांच्या रुसव्याफुगव्यांचे, नाहींतर परीक्षेच्या निकालांचे प्रश्न असतात. गेल्या महिन्यांत उरणाहून आलेलें एक पत्र मात्र आम्हीं दोनदां वाचून बाजूस काढून ठेविलें. पत्र लिहिणार्‍या भगिनी एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. त्यांच्या धाकट्या दिरांची मुलगी तातडीच्या वैद्यकीय सेवेचें शिक्षण घेत आहे, आणि अनुभवासाठीं तिला आठवड्यांतून कांहीं पाळ्या रुग्णवाहिकेवर कराव्या लागतात. एके दिवशीं पहाटे न्हावा शेवा बंदराच्या बाजूस मजुरांच्या एका वस्तींतून हांक आली. अडीच महिन्यांचें मूल. रात्रीं दूध पिऊन आईच्या कुशींत निजलेलें. पहाटे पाहतात तों थंड पडलेलें. रुग्णवाहिकेवरील डॉक्टर आणि ही मुलगी यांनीं तेथपासून रुग्णालयापर्यंत त्याच्या छातीवर दाब दिला, श्वास दिला. रुग्णालयांत डॉक्टरांनीं तपासून घड्याळाकडे पाहिलें आणि वेळ लिहून घेतली.

मुलगी दुपारीं घरीं आली ती मागल्या दारीं उभी राहिली, आंत येईना. आजीनें आंतूनच विचारलें, "काय ग, शिवलीस काय कोणाला?" ती "हो" म्हणाली. "मग आधीं न्हाणींत जा." ती गेली, न्हाली, न जेवतां निजली. त्या दिवसापासून ती झोपेंत पंधरापर्यंत आंकडे मोजते आणि थांबते. पत्राच्या शेवटीं काकू विचारतात : "छाती कशी दाबावी हें हिला शिकविलें. पण एवढें करूनही मूल गेलें तर पुढें काय करावयाचें, हें हिला कोणीं शिकविलेलें दिसत नाहीं. तें शिकवितां येतें काय? आणि तोंवर आम्हीं घरच्यांनीं काय करावें?"

पत्राचें उत्तर पत्रानेंच द्यावें असा आमचा पहिला विचार होता. पण असल्या प्रश्नाचें उत्तर टेबलाशीं बसून देणें बरें वाटेना. म्हणून एका रविवारीं आम्ही स्वतःच उरणास जाऊन आलों.

१२ जानेवारी २०२४ रोजीं उद्घाटन झालेल्या सागरी सेतूवरून शिवडीहून न्हावा शेवा आतां अगदीं शेजारीं आल्यासारखें वाटतें. सेतूची लांबी सुमारें २२ किलोमीटर, त्यांतले साडेसोळा समुद्रावर. परळचें लहान मुलांचें वाडिया रुग्णालय १९२९ पासून उभें आहे. शिवडीच्या बाजूला उतरल्यावर तें जवळच. पण सेतूच्या या टोंकाला उतरलें कीं निराळें जग लागतें. २६ मे १९८९ रोजीं येथें जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. त्याआधीं जमिनींच्या मोबदल्यासाठीं झालेल्या आंदोलनांत १९८४ च्या जानेवारींत गोळीबार होऊन पांच माणसें गेलीं, तें उरण तालुका अजून विसरलेला नाहीं. आज त्या जमिनींवरून पेट्या लादलेले लांबलचक ट्रेलर रात्रंदिवस धांवतात, आणि त्यांच्या आधारानें राहणार्‍या वस्त्या आज एका ठिकाणीं तर उद्यां दुसर्‍या ठिकाणीं असतात. अशा ठिकाणीं रुग्णवाहिकेला पत्ता सांगावयाचा म्हणजे "पेट्यांच्या मैदानामागें" एवढाच सांगतां येतो. घारापुरीच्या बेटावरून तर आजारी मूल आधीं होडीनेंच आणावें लागतें. उशीर हा येथें कोणा एकाचा दोष नसतो. तो जागेंतच मुरलेला असतो. उशिराचा विषय आम्हीं मुद्दाम काढला आहे, कारण त्या मुलीच्या मनांतला पहिला कांटा तोच होता.

महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची सेवा २०१४ सालीं सुरू झाली. आंध्रांत, हैदराबादेस, ती २००५ मध्येंच निघाली होती. आपल्याकडे आरंभीं ९३७ गाड्या होत्या. त्यांपैकीं २३३ प्रगत उपकरणांच्या. इतर प्रांतांत गाडीवर बहुधा शिकलेला सहाय्यक असतो, आपल्याकडे डॉक्टर ठेवण्याची योजना झाली, हा फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे. या सहाय्यकांच्या धंद्यास कायद्यानें स्वतंत्र स्थान मिळालें तें २०२१ च्या केंद्रीय कायद्यानें. म्हणजे धंदा अजून कोवळाच म्हणावयाचा. काम मात्र जुनें आहे. गाडी नव्हती तेव्हां, १८९७ च्या प्लेगांत, सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यांत नेलें, आणि त्याच रोगानें १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला.

आपल्या वाचकांपैकीं साठीच्या पुढच्या मंडळींस एक गोष्ट सांगावयास नको. ज्या घरांत दोनतीन मुलें पाठोपाठ दगावलीं, तेथें पुढच्या मुलाचें नांव धोंडू, दगडू, भिकू असें ठेवीत. हेतु हा कीं मृत्यूला तें मूल नकोसें वाटावें. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाईपुढें दिवा ठेवून सारें घर जागत बसे, त्यामागेंही हीच धास्ती. तान्ह्याचा मृत्यु तेव्हां घरांतच होता. तो कसा सोसावा हें कोणीं शिकवीत नसे, पण सभोंवतीं सोसलेलीं माणसें असत. आतां सुदैवानें काळ पालटला आहे. २०२० च्या सरकारी पाहणीप्रमाणें हजार जन्मांमागें वर्षाच्या आंत दगावणार्‍या मुलांची संख्या देशांत २८ आणि महाराष्ट्रांत १६ होती. याचाच दुसरा अर्थ असा कीं, आज एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींनीं मेलेलें मूल कधीं पाहिलेलें नसतें. तें पहिल्यानें पाहतात तेंच मुळीं स्वतःच्या दोन बोटांखालीं.

आतां काकूंच्या प्रश्नाकडे वळूं. शिकवितां येतें काय? आम्हांस जें वाचावयास आणि या कामांतील जाणत्यांकडून ऐकावयास मिळालें त्यावरून आमचें उत्तर असें कीं, सारें नाहीं, पण पुष्कळ शिकवितां येतें; आणि त्यांतलें पहिलें म्हणजे खरें काय तें आगाऊ सांगणें. मोठ्या माणसाचें हृदय बहुधा स्वतःच्या रोगानें एकाएकीं थांबतें. लहान मुलाचें तसें नसतें. त्याचा श्वास आधीं बंद पडतो, रक्तांतला प्राणवायु संपत जातो, आणि सर्वांत शेवटीं हृदय थांबतें. म्हणून तान्ह्या मुलाचें हृदय घरीं थांबलेलें आढळलें कीं पुष्कळ वेळ आधींच निघून गेलेला असतो, आणि उत्तम उपचार करूनही फारच थोडीं मुलें वांचतात. हें विद्यार्थ्यांस पहिल्या पाळीच्या आधीं सांगितलें पाहिजे. सांगितलें तर त्यांचा उत्साह मावळेल, अशी कित्येक शिक्षकांची समजूत असते. आम्हांस ती पटत नाहीं. नाटकांत नि चित्रपटांत छाती दाबलेलें प्रत्येक मूल शेवटीं रडूं लागतें. तीच अपेक्षा मनांत धरून गेलेली मुलगी परत येतांना आपणच चुकलों असें समजते.

दुसरें, बोलणें. हाताचें काम बाहुलीवर शंभरदां घोटून घेतात. तोंडाचें एकदांही नाहीं. मूल गेलें हें सांगण्याचा अधिकार डॉक्टरचा. पण गाडींत आईच्या शेजारीं बसलेली असते ती ही विद्यार्थिनी, आणि आई विचारते तीही हिलाच. तेव्हां काय म्हणावें? "काळजी करूं नका, होईल बरें" असें म्हणूं नये. तें खोटें आई जन्मभर विसरत नाहीं. "बाळाचा श्वास बंद आहे, आम्ही त्याला श्वास देत आहों" इतकें खरें आणि सोपें वाक्य पुरतें. मूल गेल्यावर "झोपलें", "शांत झालें" असल्या आडवळणाच्या शब्दांपेक्षां "गेलें" हा आपल्या भाषेंतला शब्दच बरा. तो मऊही आहे आणि स्पष्टही. मुलाचें नांव ठाऊक असेल तर नांवानें बोलावें. बारसें झालेलें नसलें तरी घरांत त्याला कांहींतरी म्हणत असतातच. तें विचारून घ्यावें. हीं वाक्यें वर्गांत, एकानें आई होऊन आणि दुसर्‍यानें सहाय्यक होऊन, मोठ्यानें म्हणून पाहावीं लागतात. पहिल्या खेपेस सारीं हंसतात, असें एका शिक्षिकेनें आम्हांस सांगितलें. तिसर्‍या खेपेस कोणी हंसत नाहीं.

आईबापांस उपचार पाहूं द्यावे कीं बाहेर घालवावें, हा वाद सगळीकडे आहे. आपली रीत बाहेर घालविण्याची, विशेषतः बायकांना. फ्रान्समध्यें रुग्णवाहिकांच्या पथकांनीं घरींच हृदय थांबलेल्या प्रौढ रोग्यांच्या ५७० नातेवाईकांवर याची पाहणी केली, ती २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. ज्यांना "तुम्हांस येथें थांबावयाचें काय?" असें विचारलें गेलें, त्यांच्या मनावरचा आघात तीन महिन्यांनंतर कमी आढळला, आणि उपचारांत कांहीं व्यत्ययही आला नाहीं. पाहणी मोठ्या माणसांची होती हें खरें. तरी मुलाच्या आईला दाराबाहेर ओढून नेण्यापूर्वीं तिला एकवार विचारावें, इतका बोध त्यांतून घ्यावयास हरकत नाहीं.

तिसरी गोष्ट आपल्या घरांशीं अधिक लागून आहे, म्हणून तीवर थोडें थांबतों. असें मूल अचानक गेलें कीं घरांतल्या घरांत न्यायसभा भरते. "हिच्या कुशीखालीं गुदमरलें," "हिनें निजून पाजलें," "हिचें दूधच वाईट." वास्तविक पहिल्या सहा महिन्यांत, त्यांतही दोन ते चार महिन्यांच्या वयांत, वरवर धडधाकट मुलें झोपेंत दगावल्याचीं उदाहरणें जगभर होतात, आणि शवविच्छेदनानंतरही कित्येकदां कारण सांपडत नाहीं. मुलाला पाठीवर निजवावें, त्याच्या भोंवतीं मऊ उशा व दुलया रचूं नयेत, घरांत विडी-सिगारेट नसावी, यानें हा धोका कमी होतो हें ठरलें आहे. तें आधीं सांगावयाचें असतें. मूल गेल्यावर त्याच दारांत उभें राहून "पालथें निजविलें होतें काय?" असें विचारणें म्हणजे आईच्या गळ्यांत फांस अडकविण्यासारखें आहे. डॉक्टरांस माहिती हवीच असते. ती "रात्रभर काय काय झालें तें सांगा" एवढ्या प्रश्नानें मिळते. आणि अशा मृत्यूची पोलिसांत नोंद होते, पंचनामा होतो, बहुधा शवविच्छेदनही होतें. हें कोणावर आळ घेण्यासाठीं नव्हे, नियमच तसा आहे, हें वाक्य खाकी कपडे दारांत येण्यापूर्वीं कोणीतरी बोललें पाहिजे. सहाय्यकाला तें बोलतां आलें तर एका सुनेचें पुढचें आयुष्य वांचेल, असें आम्हांस वाटतें.

(येथें एक गोष्ट जातां जातां. मूल गेल्यावर दोनतीन दिवसांत आईच्या छातींत दूध दाटतें, ठणका लागतो, ताप येतो. शोकाच्या गडबडींत हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. ताप आला तर डॉक्टरांस दाखवावें. मुंबईच्या शीव रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मातेच्या दुधाची पेढी सुरू केली, ती आशियांतली पहिली. निरोगी मातेची इच्छा असेल तर तिचें दूध अशा पेढीला देतां येतें. मात्र तसा आग्रह कोणीं धरूं नये.)

आपल्याच महाराष्ट्रांत या विषयाचा खरा धडा गडचिरोलीस गिरविला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ पासून तेथें 'सर्च' संस्थेच्या द्वारें काम केलें. १९९५ पासून ३९ गांवांत, जुजबी शिकलेल्या गांवच्याच बायकांस नवजात मुलाची काळजी घेण्यास त्यांनीं तयार केलें. त्या बायका 'आरोग्यदूत'. बाळाला ऊब देणें, गुदमरलेल्यास श्वास देणें, जंतुसंसर्ग ओळखून औषध टोंचणें, हीं कामें त्या करीत. तिसर्‍या वर्षीं, उपचार नसलेल्या गांवांच्या मानानें, नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटले, आणि १९९९ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध नियतकालिकानें तें छापलें. हा पराक्रम सर्वश्रुत आहे. आम्हांस त्यांतली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. तेथें प्रत्येक मृत्यूची नोंद होई, आणि घरच्या माणसांशीं सावकाश बोलून, काय कसें घडलें हें विचारून, कारण ठरविलें जाई. मृत्यु हा तेथें कोणा एकीचा कलंक नव्हता. तो सर्वांनीं मिळून उलगडावयाचा प्रश्न होता. शिवाय आरोग्यदूत त्याच गांवची. मूल गेलें तरी ती उद्यां त्या आईला पाणवठ्यावर भेटणारच.

रुग्णवाहिकेवरील मुलीला हें मिळत नाहीं. ती एका अनोळखी घरांतून मूल उचलते, दुसर्‍या अनोळखी दारांत तें सोंपविते, आणि गाडी धुवून पुढल्या हांकेला निघते. शेवट काय झाला, कारण काय निघालें, तिच्या हातचें कांहीं चुकलें होतें काय, हें तिला कोणी सांगत नाहीं. या मुलीनें आम्हांस विचारलें, तेंही आमच्याकडे न पाहतां, "मी दाब कमी दिला असेल काय?" दाब छातीच्या एक तृतीयांश खोलीइतका द्यावयाचा असतो, सुमारें चार सेंटिमीटर, पंधरा वेळां दाब, मग दोन श्वास. तिनें तें आम्हांस उशीवर करून दाखविलें. आम्हांस त्यांतलें काय कळणार! तें कळणारें माणूस तिच्याजवळ बसावयास हवें होतें. ज्या डॉक्टरबरोबर ती गेली त्यानें, किंवा शिक्षकानें, दुसर्‍याच दिवशीं तिच्याबरोबर सारा क्रम एकदां पुन्हां तपासून "हें बरोबर, हें बरोबर, येथें पुढल्या वेळीं असें कर" इतकें सांगितलें असतें, तर शंभर सांत्वनांपेक्षां तें अधिक उपयोगीं पडतें. आणि रुग्णालयानें मृत्यूचें कारण पथकास कळविण्याची रीत पाडली तर त्याला खर्च कांहींच नाहीं.

मात्र मन मोकळें करविण्याचा हट्ट नको. १९८३ मध्यें अमेरिकेंत जेफ्री मिचेल यांनीं अशी पद्धत काढली कीं, भयंकर प्रसंगानंतर पथकास एकत्र बसवून प्रत्येकाकडून त्याचा अनुभव वदवून घ्यावा. ती सर्वत्र पसरली. पुढें परीक्षणें झालीं तेव्हां आढळलें कीं, अशा एकाच सक्तीच्या बैठकीनें नंतरचा मनोविकार टळत नाहीं, आणि कांहींजणांचा त्रास उलट वाढतो. हल्लीं जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे : जवळ राहा, बोललें तर ऐका, न बोललें तर खोदूं नका, गरज दिसली तर योग्य माणसाशीं गांठ घालून द्या. झोप, भूक, कामावरचें लक्ष महिनाभरानंतरही पूर्ववत् न झाल्यास डॉक्टर गांठावा. सरकारची 'टेलिमानस' ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, मराठींतही. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयांतील जोनाथन बार्टेल्स या परिचारकानें एक छोटी रीत घातली, ती आम्हांस आवडली : रोगी गेला कीं सर्वांनीं हातांतलें काम थांबवून एक मिनिट त्याच्याभोंवतीं स्तब्ध उभें राहावयाचें, मग पुढच्या कामाला लागावयाचें. आपल्याकडे कोणी मोठें माणूस गेलें कीं सभेंत आपण हेंच करतों. तान्ह्यासाठीं कां करूं नये?

आमच्या रायगडांतच १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ देह मिळाले, ५७ माणसें मिळालींच नाहींत, आणि त्यांत पुष्कळ मुलें होतीं. भंडार्‍यास ९ जानेवारी २०२१ रोजीं रुग्णालयांतील आगींत दहा नवजात बालकें गेलीं. त्या रात्रीं धांवलेल्यांतही शिकाऊ, कोवळे हात असतीलच. वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयीं एक ओळही आली नाहीं, असें आम्हांस आठवतें.

आनंदीबाई जोशी यांचा दाखला या विषयांत हटकून दिला जातो. चौदाव्या वर्षीं झालेला त्यांचा मुलगा दहाच दिवस जगला, आणि त्या दुःखांतून निघून त्यांनीं १८८६ सालीं पेन्सिल्व्हेनियांत डॉक्टरची पदवी मिळविली. त्या घरीं आलेल्या एका काकांनींही मुलीला हेंच ऐकविलें, आणि "या अनुभवानें तूं मोठी होशील" असें वर सांगितलें. काकांचा हेतु चांगला होता. पण दुःख झाल्याबरोबर त्यांतून कांहीं थोर निपजावें, अशी अपेक्षा वीस वर्षांच्या मुलीकडून करूं नये. तिला त्या वेळीं हवी होती ती गरम आमटी आणि कोणीतरी जवळ.

आजींशीं आमचें बोलणें शेवटीं झालें. त्यांचें वय शहाऐंशी. प्रथम त्या इकडचें तिकडचें बोलल्या, मग एकाएकीं म्हणाल्या, "माझीं दोन गेलीं. एक सहा दिवसांचें, एक सव्वा वर्षाचें. पुरावयाला पुरुष गेले. मला पाठविलें नाहीं. कोठें पुरलें तें आजतागायत मला ठाऊक नाहीं." नात दाराशीं उभी होती. तिनें हें आयुष्यांत पहिल्यांदां ऐकलें. आम्हीं विचारलें, त्या दिवशीं तिला न्हावयास कां पाठविलें? "विटाळ म्हणून नव्हे हो," आजी म्हणाल्या. "मला तेव्हां दुसरें कांहीं सुचलें नाहीं. आमच्या वेळीं बाईला एवढेंच देत असत. कढत पाणी."

मुलीला मात्र इतके दिवस वाटत होतें कीं आपल्याला दारांतूनच परतविलें.

त्यानंतर आमच्यादेखत घरांत जें ठरलें तें असें. पाळीहून आल्यावर तिनें पुढल्या दारानें यावें. न्हावयाचें असेल तर न्हावें. पाणी आजी काढून देतील. जेवतांना कोणीं कांहीं विचारूं नये; रात्रीं तिनें आजीजवळ निजावें, आणि आंकडे मोजूं लागली तर हलवून उठवूं नये, नुसता हात ठेवावा. शिक्षकांस काकूंनीं पत्र लिहावें. तें त्यांनीं लिहिलें आहे, आणि त्याची एक नक्कल आम्हांस पाठविली आहे. परवां काकूंचें दुसरें पत्र आलें. मुलगी सोमवारपासून पुन्हां पाळीवर जाते. त्या आईचें घर शोधून एकदां भेटून यावें असें तिच्या मनांत आहे. तें बरें कीं वाईट, हें तिच्या डॉक्टरांस विचारून ठरवावें असें आम्हीं कळविलें आहे. घरांत गीझर असूनही आजी बंबच पेटवितात, आणि गाडी परत येण्याची वेळ नक्की नसल्यामुळें पाणी कित्येकदां दोनदां तापवावें लागतें, अशी काकूंची तक्रार आहे.